न्यूट्रॉनचा भोवरा आणि डॉ. भाभांचा वारसा

रत्नागिरी जिल्ह्यात अणुशक्ती हा शब्द उच्चारला की पाठोपाठ जैतापूरचे नाव येते. राजापूर तालुक्यातील माडबनच्या सड्यावर अणुवीज प्रकल्प उभारण्याच्या निर्णयावरून वाद पेटला, २०१० च्या डिसेंबरात फ्रेंच कंपनीशी झालेल्या करारामुळे त्याला धार आली आणि २०११ च्या एप्रिलमध्ये साखरी-नाटे येथील गोळीबारात त्या वादाने एक बळीही घेतला. अशा वादात डॉ. होमी भाभा यांचे नाव हटकून निघते. कोणी त्यांना द्रष्टा म्हणतो, तर कोणी साऱ्या अनर्थाचा उगम त्यांच्यापाशी शोधतो. भाभा म्हणजे वीज आणि बॉम्ब, एवढेच समीकरण दोन्ही पक्षांच्या मनात पक्के झालेले असते. हे समीकरण अपुरे आहे. अणुभट्टीतून जशी उष्णता मिळते, तसे न्यूट्रॉनही मिळतात. आणि त्या न्यूट्रॉनचा उपयोग पदार्थाच्या अंतरंगात डोकावण्यासाठी करता येतो. भाभांनी तुर्भ्याला जे उभे केले, त्याचा हा अर्धा भाग शिक्षित वाचकांनाही फारसा ठाऊक नाही. भाभांच्या कार्याचे मूल्यमापन करावयाचे तर तो भागही हिशेबात धरला पाहिजे.

केंब्रिजमधील दिवस

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुसंस्कृत, सधन पारशी कुटुंबात झाला. वडील कायदेपंडित होते. आत्या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. चित्रकला आणि पाश्चात्य संगीत यांची गोडी घरातच लागली आणि ती अखेरपर्यंत टिकली. मुलाने इंग्लंडमध्ये अभियांत्रिकी शिकावी आणि परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, असा वडीलधाऱ्यांचा बेत होता. त्यानुसार १९२७ साली होमी केंब्रिजला गेले. परंतु तेथे त्यांचे मन यंत्रांपेक्षा भौतिकशास्त्रात रमले. वडिलांनी समजूतदार तोडगा काढला. अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्यास गणित शिकण्याचा खर्चही आपण देऊ, असे त्यांनी कबूल केले. १९३० साली मुलाने अट पूर्ण केली आणि वडिलांनी शब्द पाळला.

भाभा केंब्रिजमध्ये असतानाच, १९३२ साली, तेथील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉनचा शोध लावला. विद्युत्भार नसलेला हा कण त्या वेळी केवळ एक नवल होते. त्याचा व्यवहारात काही उपयोग होईल असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. भाभांचे स्वतःचे लक्ष विश्वकिरणांकडे होते. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरीचे त्यांनी केलेले गणित आजही भाभा प्रकीर्णन या नावाने ओळखले जाते, आणि विश्वकिरणांमुळे वातावरणात इलेक्ट्रॉनांचा वर्षाव कसा होतो याची उपपत्ती त्यांनी १९३७ साली हाइटलर यांच्याबरोबर मांडली. तिशी गाठण्याच्या आतच युरोपातील अग्रगण्य शास्त्रज्ञांमध्ये त्यांची गणना होऊ लागली होती.

१९३९ साली ते सुट्टीसाठी मायदेशी आले आणि महायुद्धामुळे येथेच राहिले. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, सर चंद्रशेखर रामन यांच्या विभागात ते काम करू लागले. १९४१ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्याच वर्षी त्यांनी कॉर्बेन यांच्या सहकार्याने एक प्रबंध प्रसिद्ध केला. स्वतःभोवती परिवलन करणारा कण विद्युत्चुंबकीय क्षेत्रात सापडला असता कसा वागतो, याची अभिजात उपपत्ती त्यात मांडलेली होती. पुढे त्यांनीच उभारलेल्या संस्थेत, क्षेत्रात सापडून डोलणाऱ्या अशाच एका कणाला हाताशी धरून शास्त्रज्ञ लोखंडाचे आणि फेराइटांचे चुंबकत्व तपासणार होते.

कलंडलेला भोवरा

ते काम समजण्यासाठी कोकणातील कोणत्याही अंगणात दिसणारा भोवरा पुरेसा आहे. जाळी गुंडाळून फेकलेला भोवरा जरा कलला, तरी लगेच आडवा होत नाही. त्याचा आस उभ्या रेषेभोवती सावकाश गिरक्या घेऊ लागतो. भोवऱ्याचे स्वतःभोवती फिरणे हे परिवलन. आसाचे असे डोलत फिरणे याला शास्त्रात परांचन म्हणतात. न्यूट्रॉनला विद्युत्भार नसला तरी परिवलन असते आणि त्यामुळे तो एका सूक्ष्म लोहचुंबकासारखा वागतो. भोवऱ्याला जे पृथ्वीचे गुरुत्व करते, तेच न्यूट्रॉनला चुंबकीय क्षेत्र करते. क्षेत्रात शिरताच त्याचा आस क्षेत्राच्या दिशेभोवती गिरक्या घेऊ लागतो. १९४० साली आल्व्हारेझ आणि ब्लॉख यांनी याच गुणधर्माचा आधार घेऊन न्यूट्रॉनचे चुंबकत्व मोजले.

या गिरक्यांचा वेग अत्यंत नेमका असतो. एक गाउस क्षेत्रात न्यूट्रॉनचा आस सेकंदाला सुमारे २,९१६ गिरक्या घेतो. क्षेत्र दसपट केले की गिरक्याही दसपट होतात. अणुभट्टीतून निघणारा मंद न्यूट्रॉन सेकंदाला सुमारे २,२०० मीटर वेगाने जातो. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या वीस-पंचवीस पट, म्हणजे दहा गाउसचे क्षेत्र एक मीटर लांबीच्या वाटेवर ठेवले, तर ती वाट ओलांडताना न्यूट्रॉनचा आस तेराहून थोड्या अधिक गिरक्या घेतो. न्यूट्रॉन वेगवान असेल तर गिरक्या कमी, मंद असेल तर जास्त. याचाच अर्थ असा की प्रत्येक न्यूट्रॉन आपल्या प्रवासाचे घड्याळ बरोबर घेऊन चालतो.

पदार्थाच्या अभ्यासाला हे घड्याळ कसे उपयोगी पडते? न्यूट्रॉनचा झोत एखाद्या नमुन्यावर आदळला की काही न्यूट्रॉन दिशा बदलून विखुरतात. विखुरताना ते नमुन्यातील अणूंना थोडी ऊर्जा देतात किंवा त्यांच्याकडून घेतात. ही देवाणघेवाण मोजली की पदार्थातील अणू कसे हलतात हे कळते. परंतु ऊर्जेतील फरक फार लहान असेल, तर तो मोजण्यासाठी आधी सर्व न्यूट्रॉन एकाच वेगाचे हवेत. स्फटिकाच्या साहाय्याने तसे निवडता येतात. मात्र निवड जितकी कडक, तितके टाकून द्यावे लागणारे न्यूट्रॉन अधिक. अखेर इतके थोडे उरतात की मोजमापच अशक्य व्हावे. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर अचूकतेची किंमत टंचाईच्या रूपाने मोजावी लागते.

१९७२ साली हंगेरीचे फेरेंक मेझेई यांनी यातून वाट काढली. नमुन्याच्या अलीकडे आणि पलीकडे त्यांनी सारख्याच लांबीची व सारख्याच ताकदीची दोन चुंबकीय क्षेत्रे योजली. पहिल्या क्षेत्रात आसाने ज्या गिरक्या घ्यायच्या, त्या दुसऱ्या क्षेत्रात उलट दिशेने फिटाव्यात अशी ही रचना आहे. वेगवान न्यूट्रॉन पहिल्या क्षेत्रात थोड्या गिरक्या घेईल आणि दुसऱ्यात तितक्याच थोड्या सोडवील. मंद न्यूट्रॉन जास्त घेईल आणि जास्तच सोडवील. दोघांचेही आस अखेर मूळ दिशेवर येतात. मिरकरवाडा बंदरातून कमीअधिक वेगाच्या होड्या एकदम सुटाव्यात, तासाभराने इशारा होताच सर्वांनी माघारी वळावे आणि सर्वांनी एकाच क्षणी धक्क्याला लागावे, तसा हा प्रकार. वळल्यानंतर एखाद्या होडीचा वेग बदलला, तर तेवढीच एक लवकर किंवा उशिरा पोहोचेल. त्याचप्रमाणे नमुन्यात ज्याचा वेग बदलला त्या न्यूट्रॉनच्या गिरक्या पूर्ण फिटत नाहीत. उरलेला कोन हीच त्या बदलाची नोंद. सर्व न्यूट्रॉन एका वेगाचे असण्याची अटच त्यामुळे सुटली. वेगात दहा-पंधरा टक्के तफावत असलेला झोतही चालू लागला आणि अचूकता तर पूर्वीपेक्षा कितीतरी वाढली. रबरासारख्या पदार्थांतील लांबलचक रेणूंच्या संथ हालचाली या पद्धतीने मोजता येतात. मुबलकता आणि अचूकता यांतील एकाचा त्याग केल्याखेरीज दुसरे मिळत नाही, हा नियम एका कल्पनेने मोडला.

अप्सरा ते ध्रुव

मेझेईंची पद्धती प्रसिद्ध झाली तेव्हा भाभांना जाऊन सहा वर्षे झाली होती, आणि न्यूट्रॉन प्रकीर्णनाचे प्रयोग त्यांनी स्वतः केलेले नव्हते. मग त्यांचा या विषयाशी संबंध कोणता? त्याचे उत्तर त्यांच्या आयुष्याच्या उत्तरार्धात आहे.

मार्च १९४४ मध्ये, पहिल्या अणुबॉम्बची वार्ता जगाला कळण्याच्या वर्षाहून अधिक आधी, भाभांनी टाटा विश्वस्त निधीकडे मूलभूत संशोधनाच्या संस्थेसाठी अर्ज केला. अणुशक्ती वापरण्याची वेळ येईल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, हा त्यामागचा विचार होता. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली, १९४८ साली अणुऊर्जा आयोग आणि १९५४ साली तुर्भ्याचे अणुशक्ती केंद्र. देश नुकताच स्वतंत्र झालेला, अन्नधान्य परदेशातून आणावे लागत होते, परकीय चलन दुर्मिळ होते. अशा देशात अणुभट्टी बांधावी काय, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो गैरवाजवी नव्हता. भाभांचे समकालीन आणि तितकेच थोर शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांचा आग्रह असा होता, की आधी उद्योगांचा पाया आणि विद्यापीठांतील मनुष्यबळ तयार झाले पाहिजे. एका ठिकाणी खर्च केलेला रुपया हा दुसऱ्या ठिकाणी नाकारलेला रुपया असतो, हे साहांना दिसत होते.

भाभांनी या प्रश्नाला कृतीने उत्तर दिले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याची अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. सोव्हिएत संघ वगळता आशियातील ती पहिलीच. तिचे इंधन ब्रिटनकडून आले. परंतु आराखडा, बांधणी आणि नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा भारतीयांची होती. पाण्याच्या हौदात बुडवलेली, अवघ्या एक मेगावॉट क्षमतेची ही भट्टी वीजनिर्मितीसाठी नव्हतीच. ती न्यूट्रॉनसाठी आणि माणसे घडविण्यासाठी होती. त्याच वर्षी पी. के. अय्यंगार या तरुण शास्त्रज्ञाला कॅनडात चॉक रिव्हर येथे बर्ट्रम ब्रॉकहाउस यांच्याकडे पाठविण्यात आले. न्यूट्रॉनच्या साहाय्याने अणूंच्या हालचाली मोजण्याचे शास्त्र ब्रॉकहाउस त्या वेळी घडवीत होते, आणि त्याच कामासाठी त्यांना १९९४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अय्यंगार परतले आणि त्यांच्या गटाने तुर्भ्यातच स्पेक्ट्रोमीटर बनविण्यास आरंभ केला. १९६० साली कॅनडाच्या मदतीने चाळीस मेगावॉटची सायरस भट्टी सुरू झाल्यावर या कामाला जोर आला.

उपकरण विकत न घेता बनविण्याचा निर्णय वरवर पाहता खर्चिक आणि वेळखाऊ वाटेल. पण उपकरण बनविताना कारागीर तयार होतो, दोष कोठे येतो हे कळते आणि पुढचे उपकरण आपल्या गरजेप्रमाणे करता येते. विकत घेतलेल्या यंत्राबरोबर हे ज्ञान येत नाही. याचे फळ लवकरच दिसले. डिसेंबर १९६४ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने न्यूट्रॉन प्रकीर्णनावरील परिसंवाद मुंबईत भरविला. त्याच सुमारास भारताने फिलिपाइन्सला न्यूट्रॉन स्पेक्ट्रोमीटर दिला, आणि आग्नेय आशियातील तरुण शास्त्रज्ञ त्यावर शिकू लागले. स्वातंत्र्याला वीस वर्षेही न झालेला देश दुसऱ्या देशाला विज्ञानाचे साधन आणि विद्या देत होता. १९६९ साली सत्यमूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जस्त-निकेल फेराइटांतील अणुचुंबकांच्या रचनेवर प्रसिद्ध केलेल्या निबंधाच्या लेखकांत फिलिपाइन्सचे शास्त्रज्ञही होते.

८ ऑगस्ट १९८५ रोजी शंभर मेगावॉटची ध्रुव भट्टी सुरू झाली आणि परांचनाचा उपयोग तुर्भ्यात अधिक नेटाने होऊ लागला. सर्व न्यूट्रॉनांचे आस एका दिशेला असलेला झोत, म्हणजेच ध्रुवित झोत, चुंबकीय पदार्थातून पाठविला जातो. पदार्थाच्या आत सूक्ष्म चुंबकीय प्रदेश असतात आणि प्रत्येकाची दिशा निराळी असते. प्रत्येक प्रदेशातून जाताना न्यूट्रॉनचा आस तेथील क्षेत्राभोवती थोडा वळतो. असे अनेक प्रदेश ओलांडल्यावर न्यूट्रॉनांमधील मूळची एकवाक्यता ढळते. ती किती ढळली हे मोजले की त्या प्रदेशांच्या आकारमानाचा अंदाज बांधता येतो. भाररहित न्यूट्रॉन धातूच्या खोलवर जाऊ शकतो, त्यामुळे नमुना न फोडता त्याच्या पोटातली हकीकत कळते. ध्रुवचा झोत युरोपातील मोठ्या भट्ट्यांच्या मानाने क्षीण आहे. म्हणून थोडक्या न्यूट्रॉनांतून अधिकात अधिक माहिती काढण्याची हातोटी येथे अधिकच मोलाची ठरते.

हिशेबाच्या दोन बाजू

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाच्या बैठकीस निघालेल्या भाभांचे विमान आल्प्समधील माँ ब्लाँ शिखरावर आदळले. सर्व ११७ प्रवासी व कर्मचारी मृत्युमुखी पडले. भाभांचे वय छप्पन्न होते. पुढल्याच वर्षी, जानेवारी १९६७ मध्ये, तुर्भ्याच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. त्याच महिन्यात त्या शिखरापासून सव्वाशे किलोमीटरच्या आत असलेल्या ग्रेनोबल येथे फ्रान्स आणि जर्मनी यांनी न्यूट्रॉन संशोधनाची संयुक्त संस्था स्थापन केली. मेझेईंच्या पद्धतीचा पहिला मोठा स्पेक्ट्रोमीटर पुढे तेथेच उभा राहिला.

भाभांच्या हिशेबात खर्चाची बाजूही आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १९५५ साली जिनीव्हाच्या परिषदेचे अध्यक्ष या नात्याने, दोन दशकांत संलयनापासून ऊर्जा मिळविण्याचा मार्ग सापडेल, असे भाकीत त्यांनी केले होते. ते खरे ठरले नाही. अणुविजेविषयी बाळगलेल्या मोठ्या अपेक्षाही ठरल्या वेळी पुऱ्या झाल्या नाहीत. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की उत्तम माणसे, उत्तम साधने आणि पैसा मुंबईतील एक-दोन संस्थांत एकवटला आणि विद्यापीठे मागे पडली. साहांची भीती या बाबतीत निराधार नव्हती. तुर्भ्याच्या न्यूट्रॉन झोतापर्यंत विद्यापीठांतील संशोधकांना पद्धतशीरपणे पोहोचता यावे, यासाठी आंतरविद्यापीठीय व्यवस्था झाली ती १९९० च्या सुमारास, म्हणजे अप्सरा सुरू झाल्यानंतर सुमारे साडेतीन दशकांनी. शिवाय, जेथे गुप्तता आवश्यक नव्हती तेथेही अणुखात्याला तिची सवय जडली. लोकांचा विश्वास न मिळविता प्रकल्प रेटता येतो हा समज किती महाग पडतो, हे माडबन परिसराने पाहिले आहे.

जमेची बाजू मात्र याहून मोठी आहे, असेच म्हणावे लागेल. न्यूट्रॉनचा कण १९३२ साली निरुपयोगी होता. आज अणुभट्टीत त्याच न्यूट्रॉनच्या माऱ्याने साध्या कोबाल्टचे किरणोत्सारी कोबाल्ट-६० होते, त्याचे किरण कर्करोगाच्या उपचारांसाठी वापरले जातात, आणि २००७ साली भारतीय हापूसच्या पेट्या अमेरिकेस रवाना झाल्या त्या लासलगावच्या केंद्रात अशाच किरणांखालून गेल्यानंतर. ज्या दिवशी केंब्रिजमध्ये न्यूट्रॉन सापडला, त्या दिवशी रत्नागिरीच्या बागायतदाराचा त्याच्याशी काही संबंध येईल असे म्हणणारा वेडा ठरला असता. मूलभूत संशोधनाचा लाभ कोणाला, केव्हा आणि किती होईल हे आधी सांगता येत नाही; म्हणूनच बाजार त्यावर पुरेसा खर्च करीत नाही आणि ती जबाबदारी समाजाला उचलावी लागते. भाभांनी गरीब देशाला ती उचलायला लावली. हे त्यांचे खरे धाडस होय.

तेव्हा जैतापूरचा प्रश्न भाभांच्या नावाने सोडविण्याचा प्रयत्न दोन्ही पक्षांनी सोडून द्यावा. तो प्रश्न खर्च, सुरक्षितता, मासेमारी आणि लोकांची संमती यांच्या निकषांवरच सुटला पाहिजे. भाभांच्या वारशाचा प्रश्न निराळा आहे आणि तो शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत विचारला पाहिजे. तेथील उपकरणे काचेच्या कपाटात कुलूपबंद आहेत की विद्यार्थ्यांच्या हातात आहेत? बिघडलेले यंत्र उघडून पाहण्याची मुभा कोणाला आहे काय? प्रयोग करण्याऐवजी वहीत आकडे उतरवून घेण्याची प्रथा थांबली आहे काय? अंगणात भोवरा फिरविणाऱ्या मुलाला तो कलल्यावर पडत का नाही, असा प्रश्न पडतो. त्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या गावच्या शाळेत मिळू लागेल तेव्हा भाभांनी मुंबईत सुरू केलेले काम कोकणापर्यंत पोहोचले, असे म्हणता येईल.